कृष्णाजी विनायक वझे
कृष्णाजी विनायक वझे (१८६९ – १९२९) हे मराठी अभियंता व प्राचीन भारतीय शिल्पशास्त्राचे अभ्यासक होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८९१ साली अभियंता झाले. तेथील अभ्यासक्रमात भारतीय शिल्पग्रंथांना स्थान नव्हते. ही उणीव त्यांना आयुष्यभर खुपली. नोकरी सांभाळत त्यांनी संस्कृत शिल्पग्रंथांची हस्तलिखिते शोधली. जुन्या ग्रंथांच्या आधारे त्यांनी धातुखंड, साधनखंड व वास्तुखंड अशी शिल्पशास्त्राची मांडणी केली. वास्तुखंडातील वेश्मशास्त्र म्हणजे घरबांधणीचे शास्त्र. त्यांचा 'प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार' हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्यतः देवालयरचनेवरील 'काश्यपशिल्प' त्यांनी संपादित केले; ते १९२६ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने छापले. संस्कृत संज्ञा आणि प्रत्यक्ष बांधकाम या दोहोंची जाण असलेला संपादक अशा ग्रंथाला क्वचितच लाभतो.