डॉक्टर कार्ल लुडविग ह्यांचें चरित्र

हृदयाचा ठोका पडतो आणि त्याच क्षणीं नाहींसा होतो. वैद्याच्या बोटांस तो कळतो, परंतु मागाहून दुसऱ्यास दाखवितां येत नाहीं. ही अडचण ज्यांनीं दूर केली, त्या डॉक्टर कार्ल लुडविग ह्यांचा वृत्तांत आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म १८१६ सालीं जर्मनींतील विट्झेनहाउझेन ह्या लहानशा गांवीं झाला. त्यांच्या पूर्वीं स्टीफन हेल्स नांवाच्या इंग्लिश पाळकांनीं घोडीच्या धमनीस कांचेची उंच नळी जोडून तींत रक्त किती चढतें हें पाहिलें होतें. तें वर्णन १७३३ सालीं छापून निघालें. पुढें १८२८ सालीं फ्रान्स देशचे डॉक्टर प्वाझय ह्यांनीं पारा भरलेली वांकडी नळी योजिली. परंतु पारा क्षणोक्षणीं खालींवर होई, आणि पाहणाऱ्याच्या शब्दावरच भरंवसा ठेवावा लागे.

मारबुर्ग येथें असतां १८४६ सालीं लुडविग ह्यांनीं त्या पाऱ्यावर एक हलका तरंगणारा तुकडा ठेविला, त्यास बारीक दांडी जोडिली व दांडीस लेखणी लाविली. लेखणीपुढें कागद गुंडाळलेलें नळकांडें घड्याळाच्या यंत्रानें सारख्या गतीनें फिरे. रक्ताचा दाब वाढला म्हणजे लेखणी वर जाई, उतरला म्हणजे खालीं येई. अशा रीतीनें कागदावर लाटा उमटल्या. लहान लाटा हृदयाच्या, मोठ्या श्वासाच्या. ह्या यंत्रास कायमोग्राफ, म्हणजे लाटा लिहिणारें यंत्र, असें म्हणतात. आतां ती रेघच साक्षीदार झाली. ज्यास शंका येईल त्यानें ती मोजून पाहावी.

ह्या प्रयोगांत धमनी उघडावी लागे, म्हणून रोग्यांवर तो करणें योग्य नव्हतें. १८६० च्या सुमारास पॅरिस येथील मारे ह्यांनीं मनगटावर बांधून नाडी लिहिणारें यंत्र तयार केलें. आज रुग्णालयांत रोग्याच्या उशाशीं जी हलती रेघ दिसते, तिचें मूळ ह्या जुन्या यंत्रांत आहे.

लुडविग १८६५ पासून लायप्झिग येथें शिकवीत. तेथें देशोदेशींचे विद्यार्थी येत. रशियाचे पावलोव्ह त्यांपैकींच होत. प्रयोगाची योजना लुडविग आंखीत, पुष्कळ वेळां हातानें कामही करीत, आणि निबंध मात्र एकट्या शिष्याच्या नांवानें छापूं देत. १८९५ सालीं ते मरण पावले. गुरूनें केलेलें काम शिष्याच्या नांवें लागलें तरी त्यांस खेद वाटला नाहीं. जें सत्य तें कागदावर उमटावें, एवढेंच त्यांस पुरे होतें. जे कोणी दुसऱ्यांस शिकवितात, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.