आनंदवनाहून नर्मदाकाठी : बाबा आमटे आणि धार-देवासची बुडणारी गावं

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. तिथं पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. गणपती बसतात, गुढ्या उभारल्या जातात. पण या दोन जिल्ह्यांच्या दक्षिणेला नर्मदेचा काठ आहे आणि तिथं एक वेगळीच वस्ती राहायची. भिल्ल-भिलाला, केवट, कहार, निमाडी शेतकरी. वयाच्या पंचाहत्तरीत एक मराठी माणूस या लोकांसाठी आपलं वसवलेलं सगळं मागं ठेवून नर्मदेकाठी राहायला आला. त्यांचं नाव मुरलीधर देविदास आमटे. जगाला ते बाबा आमटे म्हणून माहीत.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, त्यामुळे पैशाला कमी नव्हती. तरुणपणी शिकार, सिनेमा, स्वतःची मोटार, असे सगळे शौक झाले. नागपुरात वकिलीचं शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या कार्यकर्त्यांची बाजू त्यांनी कोर्टात मांडली. एकदा रेल्वेत गोरे शिपाई एका नववधूची छेड काढत होते. बाबा मार खाऊनही मागे हटले नाहीत. ही हकिगत कळल्यावर गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटलं.

१९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं. त्याच पुढे साधनाताई. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना भंगी कामगारांचं जगणं कळावं म्हणून बाबांनी डोक्यावर मैल्याच्या टोपल्या वाहिल्या. याच काळात एका पावसाळी संध्याकाळी गटाराकडेला त्यांना तुळशीराम दिसला. अंगात किडे पडलेला महारोगी. अभयसाधक म्हणवणारा माणूस घाबरून पळाला. मग ती भीतीच त्यांना छळू लागली. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं. तुळशीराम जगला नाही. पण बाबांचं पुढचं आयुष्य त्या एका संध्याकाळीनं ठरवलं.

नुसती दया करून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घ्यायला गेले. तिथं संशोधनासाठी स्वतःचं शरीरही त्यांनी देऊ केलं. त्याच वर्षी महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारनं वरोऱ्याजवळ पन्नास एकर खडकाळ जमीन दिली. सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर आनंदवन उभं राहिलं. विहीर खणली ती बोटं झडलेल्या हातांनी. पुढे तिथं शेती, हातमाग, कारखाने, शाळा आणि कॉलेज आलं.

आनंदवनाचं वेगळेपण दवाखान्यात नव्हतं, दवाखाने इतरही होते. रोग बरा झाला तरी गाव परत घेत नाही, ही खरी अडचण होती. म्हणून बाबांनी औषधासोबत काम दिलं आणि कामासोबत मान दिला. भीक मागणारा माणूस धान्य पिकवून विकू लागला. रुग्णांची लग्नं लागली, संसार उभे राहिले. त्या काळचा कायदा मात्र कुष्ठरोग्याला वेगळं ठेवायला सांगत होता. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलं नाही ते २०१९ मध्ये. बाबांनी आनंदवनात जे करून दाखवलं, ते कायद्याच्या पुस्तकात यायला एवढी वर्षं लागली.

१९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसा इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. माडिया गोंडांसाठी दवाखाना आणि शाळा. ती जबाबदारी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी यांनी घेतली, तर आनंदवनाची डॉ. विकास आणि डॉ. भारती यांनी. याच भागात इंद्रावती-गोदावरीवरच्या इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम् धरणांमुळे आदिवासींची गावं बुडणार होती. बाबा विरोधात उभे राहिले. रोग बरा करायचा आणि रोग्याचं गावच पाण्याखाली जाऊ द्यायचं, हे त्यांना पटणारं नव्हतं.

तिथूनच वाट नर्मदेकडे वळली. २८ सप्टेंबर १९८९ ला हरसूदच्या मोठ्या मेळाव्यात बाबा होते. हरसूद ज्या इंदिरा सागर धरणात पुढे गेलं, त्याच्या पाण्यानं देवास जिल्ह्याच्या काठाची गावंही घेतली. १९९० मध्ये बाबा आणि साधनाताई आनंदवन सोडून आजच्या बडवानी जिल्ह्यातल्या कसरावदला राहायला आले. समोरच्या तीरावर धार जिल्ह्याचं चिखलदा. सरदार सरोवराच्या डूब क्षेत्राच्या यादीत मध्य प्रदेशातली १९० हून जास्त गावं होती, धारचं निसरपूर होतं आणि धरमपुरी हे शहरही होतं.

पाठीच्या मणक्याच्या आजारामुळे बाबांना बसता यायचं नाही. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. त्याच अवस्थेत भारत जोडोसाठी ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत फिरले होते. त्याच अवस्थेत १९९० च्या डिसेंबरात राजघाटाहून निघालेल्या संघर्ष यात्रेबरोबर ते गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला पोचले. पोलिसांनी यात्रा तिथंच अडवली. १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळालेल्या या माणसानं नर्मदाकाठच्या लोकांना मिळालेल्या वागणुकीच्या निषेधार्थ १९९१ मध्ये आपले पद्म किताब सरकारला परत केले.

ही भूमिका सगळ्यांना रुचली नाही. कच्छ-सौराष्ट्राची तहान खरी होती आणि गुजरातेत बाबांवर मोठा रोष होता. त्यांचं म्हणणं एवढंच की एकाची तहान भागवताना दुसऱ्याचं घर, शेत आणि देव हिशेबाबाहेर ठेवू नयेत. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, पण ऑक्टोबर २००० मध्ये सुप्रीम कोर्टानं धरण पूर्ण करायला परवानगी दिली. दहा वर्षांच्या मुक्कामानंतर थकलेले बाबा आनंदवनात परतले. इंचमपल्ली-भोपालपट्टणम् मागे पडले होते, नर्मदेची लढाई मात्र हरली होती.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात बाबा गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना तिथल्याच मातीत पुरलं. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि चिखलदा, निसरपूर पाण्यात गेलं. पुनर्वसनाचे काही दावे अजून रेंगाळलेलेच आहेत. वरोऱ्याच्या खडकावर पीक डोलतंय आणि निमाडच्या काळ्या मातीवर पाणी उभं आहे. बाबांच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर या दोन्ही जमिनी धराव्या लागतात.