चूक कबूल करणारे हक्सले

डार्विनचे खंदे पाठीराखे म्हणून थॉमस हेन्री हक्सले सगळ्यांना माहीत. जन्म १८२५, इंग्लंड. शाळा जेमतेम दोन वर्षं. बाकी बरंचसं स्वतःच्या हिमतीवर शिकले.

१८५७ मध्ये तारायंत्राच्या केबलसाठी उत्तर अटलांटिकचा तळ मोजला गेला. वर आलेल्या चिखलात हक्सले यांना चुन्याच्या सूक्ष्म चकत्या दिसल्या. त्यांनी नाव दिलं ‘कोकोलिथ’. त्या गोल कवचाचे सुटे भाग आहेत, हे कोलकात्यात जन्मलेल्या जॉर्ज वॉलिच यांनी १८६१ मध्ये मांडलं. हक्सले मात्र वेगळ्याच वाटेने गेले. १८६८ मध्ये अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या त्याच चिखलात त्यांना चिकट पदार्थ दिसला. तो आदिम जीव, नाव ‘बॅथिबियस’, आणि चकत्या त्याच्याच, असं त्यांनी जाहीर केलं.

१८७५ मध्ये ‘चॅलेंजर’ जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की असाच साका धरतो. जीव वगैरे काही नाही! हक्सले तेव्हा नावाजलेले होते, तरी आढेवेढे न घेता त्यांनी चूक जाहीरपणे मान्य केली.

१८९५ मध्ये ते गेले. चकत्या तरंगत्या शेवाळाच्या निघाल्या. १९०२ मध्ये जर्मनीच्या लोहमान यांनी चकत्यांच्या घडणीवरून या शेवाळांची वर्गवारी केली आणि एका जातीला हक्सले यांचं नाव दिलं. आज समुद्रात या गटातली सर्वाधिक आढळणारी जात तीच आहे.