गाडगेबाबांचा खराटा आणि दारूचा हिशेब

रमजान हा सवयींना लगाम घालण्याचा महिना. पण व्यसनाचा लगाम एकट्याच्या हाताने आवळला जात नाही, त्याला भोवतीच्या माणसांचाही हात लागतो. खेड्यापाड्यांत हेच सांगत आयुष्यभर फिरलेले संत म्हणजे गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबू लहान असतानाच वारले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाकडे गुरे राखत, शेतात राबत डेबू वाढला. शाळा नशिबी नव्हती. पुढे निरक्षर मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली, तेही त्याने डोळ्यांनी पाहिले.

दारू श्रीमंतही पीत. पण मजुराच्या घरात ती शिरली की तिच्यामागून कर्ज येई, कर्जामागून सावकार येई आणि मुलांची शाळा सुटे. त्यात जातीचा रिवाजच असा, की बारसे असो वा लग्न, पंगतीला दारू आणि मटण हवेच. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला हा रिवाज मोडला आणि गोड जेवण वाढले. जातभाई रागावले, पण ते मागे हटले नाहीत.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडायची, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात पुराण थोडे, प्रश्न फार. तेही वऱ्हाडी बोलीत, समोर बसलेल्या माणसालाच विचारलेले. दारूवर किती गेले, कर्ज किती झाले, पोराच्या पाटीला पैसे का उरले नाहीत, असा हिशेब ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. जेवायच्या ताटावाचून राहा पण मुलांना शिकवा, हा त्यांचा आग्रह असे. पिणाऱ्याला हिणवून ते थांबत नसत. अज्ञान, कर्ज, अस्पृश्यता, नवसाचे बकरे आणि दारू ही एकाच दोरखंडाची पेडे आहेत, हे ते दाखवून देत. सारा गाव एकत्र बसून ऐके, त्यामुळे शपथ घेणारा एकटा पडत नसे.

देणगीच्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, वसतिगृहे आणि शाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी, मुलाबाळांसाठी काही ठेवले नाही. पंढरपूरला ज्यांना कुठे थारा मिळत नसे, त्या अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनीही देह ठेवला.

आज दादरमध्ये त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. पनवेलच्या हद्दीत, खारघरलाही टाटांचे कर्करोग केंद्र आहे. तंबाखू-गुटख्याने तोंड आखडलेले किती मजूर अशा ठिकाणी येतात, हे तिथल्या रांगेत उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे. त्या माणसाला दोष देणे सोपे असते. गाडगेबाबा आधी त्याच्या वस्तीत जात, तिथली घाण काढत आणि मगच त्याच्याशी बोलायला बसत.