लेवींना दिसलेले ठिपके

फ्रिट्झ हाइनरिख लेवी यांचा जन्म १८८५ मध्ये बर्लिनमधील एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. वडिलांप्रमाणेच त्यांनीही वैद्यकाची वाट धरली. १९१० मध्ये पदवी मिळवून ते म्युनिकला अलॉइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांच्या वाट्याला आला कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच त्याचे वर्णन केले होते. पण मेंदूत नेमके काय बिघडते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

लेवी मृत रुग्णांच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. काही चेतापेशींच्या आत त्यांना गोलसर ठिपके आढळले. १९१२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे ठिपके त्यांना दिसले ते मुख्यतः आतडी, हृदय यांच्याशी जोडलेल्या व्हेगस नर्व्हच्या मेंदूतील उगमस्थानी आणि मेंदूच्या तळाकडील आणखी एका भागात.

१९१९ मध्ये पॅरिसमध्ये कॉन्स्टान्टिन ट्रेत्याकॉफ यांनी ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ हा मेंदूतला काळसर पट्टा तपासला. रुग्णांमध्ये तिथल्या पेशी मोठ्या संख्येने नष्ट झाल्या होत्या, आणि उरलेल्यांत तेच ठिपके होते. ट्रेत्याकॉफ यांनी त्यांना लेवींचे नाव दिले. आज जगभर ते ‘लेवी बॉडीज’ म्हणून ओळखले जातात.

पहिल्या महायुद्धात लेवींनी जर्मन सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले. १९३२ मध्ये बर्लिनमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मज्जाविकारांची संस्था उभी राहिली. पण पुढच्याच वर्षी नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे लेवींना पद सोडावे लागले. इंग्लंडमार्गे ते अमेरिकेत पोहोचले आणि फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नव्याने सुरुवात केली. तिथे त्यांनी नाव ‘फ्रेडरिक हेन्री’ असे बदलले, आडनावाच्या स्पेलिंगमध्येही एक अक्षर वाढवले. १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. ते ठिपके कशाचे बनलेले आहेत, हे कळायला अजून जवळपास अर्धे शतक जायचे होते.

१९९७ मध्ये उत्तर मिळाले. आल्फा-सायन्यूक्लिन हे १४० अमिनो आम्लांचे प्रथिन चेतापेशीत नेहमीच असते. त्याची घडी चुकली, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात. आधी छोटे पुंजके, मग तंतू आणि शेवटी लेवी बॉडी. पेशीची कचरा निचऱ्याची यंत्रणा थकते, ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. नायग्रातील पेशी डोपामिन बनवतात, त्यांच्या शाखा लांबवर पसरलेल्या असतात आणि त्यांना ऊर्जाही जास्त लागते. त्यामुळे हा ताण त्यांना अधिक जाचतो. हात थरथरू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात.

मग पेशीला मारतो तो हा ठिपकाच का? अनेक संशोधकांना छोटे, सुटे पुंजके अधिक घातक वाटतात. मोठा ठिपका म्हणजे कदाचित पेशीने विष एका कोपऱ्यात कोंडण्याची केलेली धडपड असेल. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो केवळ पुस्तकी नाही. लेव्होडोपासारखी औषधे डोपामिनची उणीव भरून काढतात, हालचाली सुधारतात. पण पेशींचा ऱ्हास थांबवत नाहीत. तो थांबवायचा, तर औषधाने नेमका घाव कशावर घालायचा हे आधी कळायला हवे.

२००३ मध्ये जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी मांडले, की अनेक रुग्णांत हा बिघाड नायग्रात नव्हे, तर व्हेगसच्या उगमस्थानी आणि वासाच्या केंद्रात आधी दिसतो. बद्धकोष्ठता किंवा वास न येणे ही लक्षणे कंपाच्या कित्येक वर्षे आधी का उद्भवतात, हे त्यातून उलगडू लागले. व्हेगसचे हे उगमस्थान म्हणजे लेवींनी १९१२ मध्ये नोंदवलेलीच जागा.