रॉबर्ट विल्यम थॉमसन

रॉबर्ट विल्यम थॉमसन (२९ जून १८२२ – ८ मार्च १८७३) हे स्कॉटलंडमधील अभियंते व संशोधक होते. हवा भरलेल्या रबरी टायरचे पहिले पेटंट त्यांनी १८४५ साली घेतले. सर्वसाधारण समजुतीनुसार या शोधाचे श्रेय जॉन बॉइड डनलॉप यांना दिले जाते. प्रत्यक्षात थॉमसन यांचे पेटंट डनलॉप यांच्या पेटंटच्या ४३ वर्षे आधीचे आहे. पुढे थॉमसन यांनी हवेचा टायर बाजूला ठेवला आणि भरीव रबराचा जाड टायर तयार करून तो वाफेवर चालणाऱ्या अवजड रस्ता-इंजिनाला बसवला. पक्क्या सडकेवर रोज धावणाऱ्या आणि मऊ जमिनीवरही न रुतणाऱ्या वाहनाला कोणती धाव लावावी, हा त्यांच्या उत्तर आयुष्यातील मुख्य प्रश्न होता.

जन्म आणि शिक्षण

थॉमसन यांचा जन्म स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्टोनहेवन या गावी झाला. बारा भावंडांपैकी ते अकरावे. वडिलांची लोकरीची गिरणी होती. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती; परंतु लॅटिन भाषा त्यांना काही केल्या जमेना. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते अमेरिकेतील चार्ल्सटन येथे चुलत्यांकडे गेले व एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागले. दोन वर्षांतच ते मायदेशी परतले. त्यानंतर रसायनशास्त्र, विद्युत आणि खगोलशास्त्र हे विषय त्यांनी स्वतःच अभ्यासले. गणिताची जाण असलेल्या गावातील एका विणकराची त्यांना या कामी मदत झाली.

वडिलांनी त्यांना एक छोटी कार्यशाळा उभारून दिली. आईच्या कपडे पिळण्याच्या यंत्रातून ओले कापड दोन्ही दिशांनी फिरवता येईल, अशी सुधारणा त्यांनी सतराव्या वर्षी येथेच केली. पट्टी-करवत आणि फिरत्या पद्धतीच्या वाफेच्या इंजिनाचा नमुना हेही याच काळातील काम होय.

अभियंता म्हणून सुरुवात

ॲबर्डीन व डंडी येथे उमेदवारी केल्यानंतर थॉमसन यांनी ग्लासगो व एडिनबरा येथील स्थापत्य अभियंत्यांकडे नोकरी केली. सुरुंगाची दारू दुरून विजेच्या साहाय्याने उडविण्याची पद्धत त्यांनी या काळात बसवली. सुरुंगाजवळ जाऊन वात पेटवण्याची गरज तिच्यामुळे उरली नाही. लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी या कामाला उत्तेजन दिले. डोव्हरजवळील खडूचे कडे फोडून रेल्वेमार्ग काढण्याच्या कामावरही थॉमसन यांनी देखरेख केली. पुढे त्यांनी रेल्वे सल्लागार म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

हवाई चाके

थॉमसन यांच्या काळात गाडीचे चाक लाकडी असे व त्यावर लोखंडी धाव चढवलेली असे. खडीच्या रस्त्यावर अशा चाकाचा आवाज फार होई. प्रत्येक दगडावर गाडी उचलली जाई आणि तिला पुन्हा पुढे ओढण्यात घोड्याची शक्ती खर्च होई. वाटेतला दगड चाकातच सामावला गेला तर गाडी उचलण्याचे हे काम वाचेल, हा थॉमसन यांच्या कल्पनेचा गाभा होता.

ही कल्पना प्रत्यक्षात येण्यासारखी परिस्थितीही नुकतीच निर्माण झाली होती. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक होऊन तडकते. गंधकासह तापवून त्याला टिकाऊ बनवण्याची व्हल्कनीकरणाची क्रिया अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी विकसित केली होती. गुडइयर यांना अमेरिकेत तिचे पेटंट १८४४ साली मिळाले. थॉमसन यांनी आपले पेटंट १० डिसेंबर १८४५ रोजी घेतले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. फ्रान्समध्ये १८४६ साली आणि अमेरिकेत १८४७ साली त्यांना याच शोधाची पेटंटे मिळाली.

या टायरच्या आत रबराचा लेप दिलेल्या कापडाचा पोकळ पट्टा होता व त्यात हवा भरली जाई. पट्ट्यावर जाड चामड्याचे आवरण असे आणि ते चाकाला बोल्टांनी घट्ट बसवलेले असे. आत हवा धरणारी नळी व बाहेर झीज सोसणारे कवच, अशी कामाची विभागणी येथे प्रथमच दिसते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ही चाके लावून प्रात्यक्षिके झाली. गाडी जवळजवळ आवाज न करता चालली. ओढण्यास लागणारे बळ मोजले असता ते लोखंडी धावेच्या चाकापेक्षा कमी भरले आणि रस्ता जितका खडबडीत, तितका हा लाभ अधिक दिसला. चाकांचा एक संच सुमारे १,२०० मैल चालूनही खराब झाला नाही.

तरीही हवाई चाके बाजारात टिकली नाहीत. हवा धरून ठेवील असे पातळ व एकसारखे रबर त्या काळी सहज मिळत नव्हते. चामड्याचे कवच हातानेच तयार करावे लागे, त्यामुळे किंमत वाढे. याहून मोठी अडचण म्हणजे या टायरची खरी गरज असलेले वाहनच तेव्हा रस्त्यावर नव्हते. सायकल आणि मोटार दोन्ही पुढच्या काळातील. घोडागाडीच्या वेगाला लोखंडी धाव पुरेशी होती आणि वाढीव सुखासाठी पैसे मोजणारे धनिक थोडेच होते.

दरम्यान १८४९ साली थॉमसन यांनी आपोआप शाई भरून घेणाऱ्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात त्यांची काही उपकरणे मांडली होती.

जावा

१८५२ साली थॉमसन साखर कारखान्याच्या यंत्रसामग्रीच्या कामासाठी डच वसाहत असलेल्या जावा बेटावर गेले. तेथे त्यांनी साखरेच्या यंत्रांत अनेक सुधारणा केल्या. धक्क्यावर अवजड माल उतरवण्यासाठी यारी हवी होती. पण ती कायमची उभारण्यास डच अधिकाऱ्यांची हरकत होती. त्यावर थॉमसन यांनी जागेवरून हलवता येणारी वाफेची यारी तयार केली. येथेच त्यांचा क्लॅरा हर्ट्झ यांच्याशी विवाह झाला. दमट हवेत प्रकृती ढासळल्यामुळे १८६२ साली ते कुटुंबासह एडिनबरा येथे परतले.

जावामधील वास्तव्याचा एक दूरगामी परिणाम झाला. उसासारखा अवजड माल मऊ जमिनीवरून वाहून नेण्यास लोखंडी चाकांची इंजिने निरुपयोगी आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

रोड स्टीमर आणि भरीव रबरी टायर

वाफेचे ओढ-इंजिन त्या काळी एका पेचात सापडले होते. गुळगुळीत लोखंडी चाक ओल्या रस्त्यावर जागीच फिरे. पकड मिळावी म्हणून इंजिन जड करावे, तर ते मातीत रुते. चाकाला आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकल्या, तर शेतात पकड मिळे, पण सडक उखडली जाई आणि खडखडाटाने यंत्राचे सांधे सैल होत.

थॉमसन यांनी १८६७ साली यावर भरीव रबराच्या टायरचे पेटंट घेतले. सुमारे १२५ मिलिमीटर जाडीचे हे रबरी कडे चाकावर केवळ घर्षणाने धरून राही. इंजिनाच्या भाराने रबर खालच्या बाजूस चपटे होई व जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ वाढे. तोच भार अधिक जागेवर विभागला गेल्याने चाक रुतण्याचे प्रमाण कमी होई. खडीच्या रस्त्यावर रबर खड्यांभोवती दबून त्यांना धरून ठेवी, त्यामुळे इंजिन हलके असूनही पकड मिळे. आज वाळूत किंवा चिखलात उतरण्यापूर्वी चालक टायरमधील हवा कमी करतो, त्यामागेही क्षेत्रफळ वाढवण्याचे हेच तत्त्व आहे.

मात्र उघडे रबर सर्वत्र सारखे उपयोगी नव्हते. तीक्ष्ण खडीने ते कापले जाई. ओल्या चिकण मातीचा थर बसला की गुळगुळीत पृष्ठभागाला धरायला काहीच उरत नसे. म्हणून टायरभोवती पोलादी पट्ट्यांची साखळी गुंडाळण्याची सोय थॉमसन यांनी केली. पट्ट्यांमुळे रबराचे रक्षण होई आणि त्यांच्या कडा मातीत रोवल्या जात. त्याच पट्ट्या पक्क्या रस्त्यावर मात्र रबराचा मऊपणा व शांतता बऱ्याच अंशी हिरावून घेत. आजच्या चिखलासाठीच्या टायरमध्ये हीच देवघेव रबराच्या नक्षीतून साधली जाते. खोल खाचा आणि मोठे सुटे ठोकळे चिखल कापतात व फिरताना तो बाहेर फेकतात. परंतु डांबरी रस्त्यावर तोच टायर अधिक आवाज करतो, त्याचे ठोकळे लवकर झिजतात आणि रस्त्याला टेकणारे रबर कमी असल्याने ओल्या सडकेवरील पकड घटते. पट्ट्यांची साखळी निदान काढून ठेवता येत असे, ही थॉमसन यांच्या रचनेची जमेची बाजू म्हणावी लागेल.

पहिली रोड स्टीमर इंजिने लीथ येथील त्यांच्या छोट्या कार्यशाळेत तयार झाली. त्यांना तीन चाके होती. पुढील एकच लहान चाक दिशा बदलण्यासाठी असे. मागणी वाढल्यावर लीथ येथील टेनंट आणि पुढे रोबी, बरेल व रॅन्सम्स या कारखान्यांनी ती बांधली. मालगाड्या ओढणे, प्रवासी बस ओढणे, शेतात थेट नांगर चालवणे अशा निरनिराळ्या कामांवर त्यांची चाचणी झाली.

१८६५ च्या ब्रिटिश कायद्याने रस्त्यावरील इंजिनांना गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल अशी वेगमर्यादा घातली होती. हलक्या, रस्ता न उखडणाऱ्या इंजिनालाही ती तशीच लागू होती, त्यामुळे मायदेशात या शोधाचा पुरेपूर उपयोग होणे कठीणच होते. परदेशांतून मात्र मागणी आली आणि त्यात हिंदुस्थानही होता.

हिंदुस्थानातील प्रयोग

ब्रिटिश सैन्यातील अधिकारी रूक्स एव्हलिन बेल क्रॉम्प्टन (पुढे विद्युत अभियंता म्हणून प्रसिद्ध) यांनी पंजाबातील ग्रँड ट्रंक रोडवर बैलगाड्यांऐवजी थॉमसन इंजिने वापरण्याची योजना आखली. गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांचा तिला पाठिंबा होता. रॅन्सम्स कारखान्याने या योजनेसाठी बांधलेल्या इंजिनांना चिनाब, रावी अशी नद्यांची नावे होती. रावी हे इंजिन १८७१ साली चाचणीसाठी इप्सविचहून एडिनबरापर्यंत रस्त्याने नेऊन परत आणले गेले. थॉमसन यांच्या रचनेतील कमकुवत भाग टायर नसून बाष्पक होता, हे या प्रयोगांत उघड झाले. त्याजागी वेगळ्या पद्धतीचा बाष्पक बसवावा लागला. रेल्वेचे जाळे वाढत गेले, तशी ही योजना मागे पडली.

अखेरची वर्षे

थॉमसन यांची अखेरची वर्षे आजारपणात गेली, तरी त्यांनी काम थांबवले नाही. एडिनबरा येथे ८ मार्च १८७३ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेथील डीन दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यामागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली होत्या. क्लॅरा यांनी नंतर कायदेपंडित जॉन फ्लेचर मोल्टन यांच्याशी विवाह केला. कन्या एल्सपेथ यांचा विवाह १८९९ साली लेखक केनेथ ग्रॅहम यांच्याशी झाला. ग्रॅहम यांच्या १९०८ च्या द विंड इन द विलोज या बालकथेतील मोटारवेड्या बेडकाचे पात्र सुपरिचित आहे. टायरच्या पहिल्या संशोधकाच्या जावयाने ते निर्माण केले, हा योगायोग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

डनलॉप यांचे पेटंट

बेलफास्ट येथील पशुवैद्य डनलॉप हेही मूळचे स्कॉटलंडचेच. मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी हवेचा टायर बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांना थॉमसन यांच्या कामाची माहिती नव्हती. १८८९ साली बेलफास्टमधील शर्यती या टायरच्या सायकलने जिंकल्यावर मागणी झपाट्याने वाढली आणि हार्वी डू क्रो यांच्या पुढाकाराने कंपनी उभी राहिली. १८९० साली मात्र थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आले व डनलॉप यांचे मूळ पेटंट अवैध ठरले. कंपनीला टायर चाकाच्या कडेवर बसवण्याच्या पद्धती व हवेची झडप यांच्या इतरांकडील पेटंटांचा आधार घ्यावा लागला. या निर्णयाने थॉमसन यांचे प्रथमत्व कागदोपत्री सिद्ध झाले, परंतु तोपर्यंत डनलॉप हे नाव टायरशी कायमचे जोडले गेले होते.

स्मृती

स्टोनहेवन येथे थॉमसन यांच्या जन्मस्थळी स्मृतिफलक लावला आहे. त्यांच्या स्मरणार्थ गावात दरवर्षी जुन्या वाहनांचा मेळावा भरतो.