गर्ट्रूड एडर्ली : इंग्लिश खाडी पोहणारी पहिली स्त्री

कॅडेट मित्रांनो, पोहण्याच्या चाचणीत ४०० मीटरचे शेवटचे ५० मीटर कसे जातात हे तुम्हांला सांगायला नको. आता असे ४०० मीटर सलग ८५ वेळा पोहायचे, तेही १६-१७ अंशांच्या थंड, खाऱ्या पाण्यात, जेलीफिशचे दंश सोसत, भिंतीला हात न लावता. म्हणजे इंग्लिश खाडीची सर्वांत अरुंद ठिकाणची रुंदी भरते. आपल्याकडच्या धरमतर ते गेटवे या पल्ल्याच्या आसपासचे हे अंतर. फरक आहे तो थंडीचा आणि भरती-ओहोटीच्या ओढीचा.

आज ही खाडी पोहणारे बरेचजण एखाद्या कामासाठी देणगी जमवतात. कोणी रुग्णालयासाठी पोहतो, कोणी कर्णबधिरांसाठी आणि त्यांच्या सांकेतिक भाषेला मान्यता मिळावी म्हणून. अशा बातम्या वाचल्या की मला गर्ट्रूड एडर्ली आठवते. ती कोणत्याही निधीसाठी पोहली नाही. पण ही खाडी पोहणारी ती जगातली पहिली स्त्री आणि तिला नीट ऐकू येत नव्हते.

तिचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आईवडील जर्मनीहून आलेले, वडिलांचे मांसविक्रीचे दुकान. घरात तिला ट्रूडी म्हणत. उन्हाळ्यात कुटुंब न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जाई. तिथे वडिलांनी कमरेला दोरी बांधून तिला पाण्यात सोडले आणि पोहायला शिकवले. लहानपणी गोवर झाला आणि तिचे कान अधू झाले. पुढे डॉक्टरांनी बजावले की पोहत राहिलीस तर उरलेले ऐकूही जाईल. तिने पोहणे सोडले नाही. हा हट्ट शहाणपणाचा होता का, यावर वर्गात वाद घालण्यासारखा आहे; मी स्वतः अजून एका बाजूला गेलेलो नाही.

न्यूयॉर्कच्या महिला जलतरण संघात ती तयार झाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिला रिलेचे सुवर्ण आणि १०० व ४०० मीटरची कांस्यपदके मिळाली. त्या काळात बायकांनी लांब पल्ल्याचे पोहू नये, शरीराला झेपत नाही, असे शिकलेले लोकही म्हणत. तोपर्यंत इंग्लिश खाडी पाच जणांनी पार केली होती आणि पाचही पुरुष होते.

ऑगस्ट १९२५ मध्ये तिने पहिला प्रयत्न केला. प्रशिक्षक जेबेझ वुल्फ स्वतः वीसहून अधिक वेळा या खाडीत उतरून अपयशी ठरलेले. दोघांचे मुळीच जमत नव्हते. सुमारे नऊ तासांनी ती पाण्यात गटांगळ्या खाते आहे असे समजून वुल्फ यांनी सोबतच्या पोहणाऱ्याला तिला धरायला सांगितले. अंगाला हात लागला की प्रयत्न बाद, असा नियम आहे. आपण बुडत नव्हतो, नुसती विश्रांती घेत होतो, असे तिचे म्हणणे शेवटपर्यंत राहिले. पाण्यात तोंड घालून पडलेला माणूस दमला आहे की विसावला आहे, हे बोटीवरून ओळखणे अवघड असते हे खरे. पण जिला हाक नीट ऐकू जात नाही तिच्याशी संवाद कसा साधायचा हे आधी ठरवलेले असते, तर कदाचित ती वेळ आली नसती, असे मला वाटते.

दुसऱ्या वेळी तयारी वेगळी होती. १९११ मध्ये ही खाडी पार केलेले टॉमस बर्जेस आता प्रशिक्षक होते. तिने आणि बहीण मार्गारेटने मिळून अंगाला न काचणारा दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख तयार केला. गॉगलमधून पाणी आत जाऊ नये म्हणून कडा मेणाने बंद केल्या. थंडीसाठी अंगाला चरबीचे थर चोपडले. ६ ऑगस्ट १९२६ च्या सकाळी सातच्या सुमारास ती फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरली. सोबतच्या बोटीवर वडील आणि बहीण होते. त्या वयात तिला थोडेफार ऐकू येई, म्हणून बोटीवरची मंडळी गाणी म्हणत. पण लाटांच्या आवाजात कानावर किती विसंबणार? बोटीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत मजकूर लिहून पुढे जाणारा एक बाण काढला होता. श्वास घ्यायला मान वळवली की तो दिसे. हातांनी पाणी मागे सारायचे आणि डोळ्यांनी दिशा घ्यायची.

दुपारनंतर वारा आणि पाऊस वाढला. बाहेर ये, असे बोटीवरून सांगण्यात आले. तिने साफ नकार दिला. जिंकलीस तर लाल मोटार घेऊन देईन, असे वडिलांनी कबूल केले होते, तीही तिच्या डोक्यात होतीच. प्रवाहाने बाजूला ओढल्यामुळे ३४ किलोमीटरचे जवळजवळ ५६ झाले. रात्री ती इंग्लंडच्या किंग्जडाउन किनाऱ्यावर स्वतःच्या पायांनी चालत आली. साडेचौदा तासांहून थोडाच जास्त वेळ लागला होता. तोवरचा सर्वांत वेगवान पुरुष साडेसोळा तासांत पोहला होता. वादाचा निकाल लागला. स्त्रियांमधला तिचा विक्रम १९५० पर्यंत टिकला.

न्यूयॉर्कने तिची मिरवणूक काढली. २० लाख लोक लोटले असा तेव्हाचा अंदाज. पुढे रंगमंचावरचे दौरे, एक चित्रपट, आणि मग धावपळीने ढासळलेली तब्येत. १९३३ मध्ये जिन्यावरून पडून पाठीचा कणा दुखावला. काही वर्षे प्लास्टरमध्ये गेली. परत चालता येणार नाही असे सांगितले गेले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ती पाण्यावरच्या कार्यक्रमात पोहली. दुसऱ्या महायुद्धात तिने ला ग्वार्डिया विमानतळावर विमानांची उपकरणे तपासण्याचे काम केले. वैमानिक ज्या काट्यांवर विश्वास टाकतो ते बरोबर चालतात का, हे पाहणारे हात आणि डोळे. कान तोपर्यंत जवळजवळ गेलेच होते.

त्यानंतर तिने जे काम धरले, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन कर्णबधिर शाळेतल्या मुलांना ती पोहायला शिकवू लागली.

ही शाळा ओठ वाचून आणि तोंडाने बोलून शिकण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होती. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातून हातांच्या खुणा काढून टाकाव्यात असा ठराव झाला. मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. परिणाम असा की जगभर पिढ्यान् पिढ्या मुलांना वर्गात हात आवरून बसावे लागले. या ठरावाबद्दल त्याच परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडात. पोहण्याच्या तलावात मात्र परिस्थिती आपोआप बदलते. डोके पाण्यात असताना ओठ कोण वाचणार? तिथे दाखवूनच शिकवावे लागते.

फील्डक्राफ्टच्या तासाला तुम्ही हातांचे इशारे शिकता : थांबा, पसरा, शत्रू दिसला. सांकेतिक भाषा म्हणजे असलेच इशारे, असा समज असतो. तो चुकीचा आहे. काल आई आजारी होती म्हणून पत्र लिहिता आले नाही, हे तुमच्या इशाऱ्यांत सांगून पाहा. सांकेतिक भाषेत ते सहज सांगता येते, कारण तिला व्याकरण आहे. हाताची जागा, हालचाल, भुवया, मान, सगळ्याला अर्थ असतो. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, जसे आपण तुझे नाव काय असे विचारतो.

माझे बालपण दिल्लीत पहाडगंजला गेले. मुख्य बाजारातून शाळेला जाताना हातगाड्या, रिक्षांचे भोंगे आणि विक्रेत्यांचा कालवा इतका असे की शेजारी चालणाऱ्या मित्राशीही ओरडून बोलावे लागे. एकदा रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून दोन तरुण हातांनी निवांत गप्पा मारताना पाहिले. मधून बैलगाडी गेली तेवढाच काय तो खंड पडला. आम्ही मुले त्यांच्या नकला करत हसलो. ऐकू न येणारे त्या रस्त्यावर आम्हीच होतो, हे मला फार वर्षांनी कळले.

त्याच दिल्लीत २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये तिथून ३,००० शब्दांचा पहिला कोश निघाला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. घटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र ती अजून नाही. आणि खाडीचे म्हणाल, तर मुंबईचे तारानाथ शेणॉय, जन्मापासून कर्णबधिर, १९८० च्या दशकात ती पोहून गेले आहेत.

एडर्लीने लग्न केले नाही. लाल मोटार तिला मिळाली होती. ३० नोव्हेंबर २००३ रोजी न्यू जर्सीत, वयाच्या ९८ व्या वर्षी ती वारली. तिने शिकवलेल्या मुलांपैकी कोणी खाडी पोहले नाही तरी चालेल. त्यांना पोहता येत होते.